नडगी वाचली, गुडघा गेला

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना बर्फाच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात पाट मांडून, मांडी घालून बसण्याची चाल अजून थोडीफार टिकून आहे, त्या घरात गुडघ्याचा विषय परका मानता येणार नाही. आपली भाषा तर गुडघ्यावर फारच लोभ करते. हरलेला माणूस गुडघे टेकतो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, आणि वर्गातल्या एखाद्या गड्याची अक्कल कुठे आहे असे विचारले तर मास्तर त्याच अवयवाकडे बोट दाखवतात. मी स्वतः मास्तर असल्यामुळे हे अनुभवाने सांगतो.

या गुडघ्याला गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक नवा वैरी भेटला आहे. पायांना दोन लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, त्याला स्की म्हणतात. हा खेळ शिकताना पूर्वी माणसाची नडगी मोडत असे किंवा घोटा पिचत असे. शहाण्या कारागिरांनी आणि डॉक्टरांनी पुष्कळ खटपट करून नडगी वाचवली. त्यांच्या यशाचा इतिहास मोठा सुरस आहे. पण नडगीवरचे संकट नाहीसे झाले नाही. ते वीतभर वर सरकले आणि गुडघ्यात जाऊन बसले. हे कसे घडले, ते सांगण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल.

स्की हा शब्द नॉर्वेकडचा. जुन्या नॉर्स भाषेत त्याच्या पूर्वज-शब्दाचा अर्थ नुसता 'फाडलेली लाकडाची ढलपी' एवढाच होता. यावरूनच लक्षात येते की प्रारंभी यात खेळ कसलाच नव्हता. ज्या मुलखात वर्षातले पाच-सहा महिने जमीन दिसत नाही, तिथे शिकारीला, सरपणाला किंवा शेजारच्या वस्तीला जायचे तर फळी पायाला बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते. नॉर्वेच्या रोडोय नावाच्या बेटावर खडकात कोरलेली एक आकृती आहे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची असावी. लांबच लांब फळ्यांवर उभा असलेला एक माणूस. त्याच्या बाबतीत मला नवल वाटते ते एवढेच की, त्याचे गुडघे व्यवस्थित वाकलेले आहेत. बर्फावर ताठ उभे राहू नये, हे ज्ञान इतके जुने आहे.

खेळ म्हणून या विद्येला रूप दिले ते एका गरीब कुळवाड्याने. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतात मोरगेदाल म्हणून एक खेडे आहे. तिथे १८२५ साली सोंद्रे नोरहाइम जन्मला. दुसऱ्याच्या जमिनीवर राबावे, संसाराचा गाडा कसाबसा ओढावा आणि वेळ मिळाला की उतारावरून, घरांच्या छपरांवरूनसुद्धा उड्या माराव्यात, असा हा माणूस. त्याच्या आधी लोक बुटाचा फक्त पुढचा भाग चामड्याच्या वादीत अडकवीत. वळण घेताना पाय फळीवरून निसटे. नोरहाइमने वाळुंजासारख्या लवचिक फांद्यांना पीळ घालून त्याची कडी टाचेच्या मागून आणली. फळी हाताशी, नव्हे पायाशी, राहिली. पण टाच वर उचलता येत होती. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो आपल्या गावाहून राजधानीपर्यंत सुमारे २०० किलोमीटर फळ्यांवरून गेला, तिथल्या शहरी तरुणांच्या स्पर्धेत उतरला आणि सर्वांना थक्क करून सोडले. एक पाय पुढे, मागचा गुडघा वाकवून जवळजवळ बर्फाला टेकवायचा आणि डौलाने वळायचे, ही त्याच्या प्रांताची तऱ्हा. तिला आजही टेलेमार्क वळण म्हणतात. नमस्कार घालताना आपण अर्धे खाली जातो ना, तसाच काहीसा प्रकार.

नोरहाइमला या कीर्तीने भाकर मिळाली नाही. १८८४ साली तो बायकामुलांसह अमेरिकेला गेला आणि शेवटी नॉर्थ डकोटाच्या माळावर स्थायिक झाला. माळ म्हणजे सपाट. घसरायला उतार नाही. १८९७ साली तो तिथेच वारला. पुढे १९५२ साली ऑस्लोला हिवाळी ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा त्यांची ज्योत मोरगेदालला, त्याच्या जुन्या झोपडीतल्या चुलीवर पेटवली गेली. जिवंतपणी ज्या चुलीत धड सरपण नसेल, तिच्यातून सबंध जगासाठी विस्तव नेला. इतिहासाला अशा गोष्टी फार आवडतात.

नॉर्वेची ही विद्या बाहेर पसरली ती मात्र एका पुस्तकामुळे. फ्रिट्यॉफ नान्सेन या तरुण शास्त्रज्ञाने १८८८ साली पाच सोबती घेऊन ग्रीनलंडचे हिमपठार फळ्यांवरून ओलांडले, आणि १८९० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. युरोपभर ते वाचले गेले. आल्प्स पर्वताच्या खेड्यापाड्यांतून लोकांनी फळ्या मागवल्या, आणि मग एक अडचण ध्यानात आली. नॉर्वेच्या टेकड्या सौम्य, आल्प्सचे उतार उभे. तिथे टाच मोकळी ठेवून चालेना.

या अडचणीला भिडलेला माणूस म्हणजे ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्ड गावचा माथियास झ्डार्स्की. जन्म १८५६ चा. शिक्षणाने शिक्षक, हौसेने चित्रकार आणि शिल्पकार, लहानपणच्या एका अपघाताने एका डोळ्याने अधू. व्यवसायबंधू म्हणून माझी याच्यावर अंमळ जास्त माया आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे. एकांतवासात त्याने हिवाळ्यांमागून हिवाळे प्रयोग केले आणि बुटाला घट्ट धरणारी, पोलादी पट्टीची बांधणी तयार केली. हिलाच बाइंडिंग म्हणतात. यापुढे मी तोच शब्द वापरीन, कारण पायबंद म्हटले तर अर्थ भलताच होईल. फळ्या आखूड केल्या, दोन काठ्यांऐवजी एक काठी घेतली, आणि १८९६ च्या सुमारास या पद्धतीचे पुस्तक लिहिले. कुठल्याही उतारावर सामान्य माणसाला सावकाश, न पडता उतरता आले पाहिजे, हा त्याचा ध्यास. पुढे महायुद्धात, १९१६ साली, हिमकड्याखाली सापडलेल्या सैनिकांच्या मदतीला तो गेला असता दुसरा कडा त्याच्यावरच कोसळला. सुमारे ८० ठिकाणी त्याची हाडे मोडली. वय साठीला टेकलेले. हा गृहस्थ त्यातून उठला, स्वतःच व्यायाम शोधून काढून चालू लागला, आणि पुन्हा फळ्यांवर उभा राहिला. १९४० साली, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन गेला.

या काळातल्या शिकाऊ मंडळींत एक नाव आपल्या घरोघरी ठाऊक असलेले आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल! पत्नीला क्षय झाल्यामुळे ते स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला राहत होते. तिथल्या ब्रँगर बंधूंकडून त्यांनी स्की शिकून घेतली आणि मार्च १८९४ मध्ये त्यांच्यासोबत खिंड ओलांडून आरोसा गावी उतरले. त्याचे मजेदार वर्णन त्यांनी इंग्रजी मासिकात लिहिले. त्यात विजारीचे हाल झाले, हाडे शाबूत राहिली.

डॉयल यांचे नाव निघाले म्हणून आणखी एक धागा सांगतो. होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन हा अफगाण युद्धात, १८८० साली मैवंदच्या लढाईत जखमी झालेला. (गोळी एका कथेत खांद्याला लागते आणि पुढच्या कथेत पायाला, पण कादंबरीकाराने दुसऱ्या कादंबरीकाराच्या असल्या गोष्टी उकरू नयेत.) मैवंदला इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या पलटणींत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. त्या पराभवाचे उट्टे काढायला जनरल रॉबर्ट्स काबूलहून कंदाहारवर चालून गेला आणि पुढे 'कंदाहारचा लॉर्ड रॉबर्ट्स' झाला. हा रॉबर्ट्स जन्मला कानपूरला. १९११ साली त्याच्या नावाने स्वित्झर्लंडमध्ये स्कीच्या शर्यतीसाठी एक चषक ठेवला गेला. ती शर्यत भरवणारा आर्नल्ड लन हा मद्रासेत, १८८८ साली, एका मिशनऱ्याच्या पोटी जन्मलेला. १९०९ साली डोंगर चढताना पडून त्याचा एक पाय मोडला आणि कायमचा आखूड राहिला. तरी त्याच पायाने त्याने जन्मभर स्की केली, आणि झेंड्यांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीचे नियम १९२२ साली त्यानेच बसवले. १९२४ साली त्याने म्युरेन गावी जो संघ काढला त्याचे नाव कंदाहार. आणि १९२९ च्या सुमारास गीडो रोझ या स्विस कारागिराने तारेची आणि स्प्रिंगची एक बाइंडिंग काढली, तिचेही नाव कंदाहार! नांदेड जिल्ह्यातले आपले कंधार वेगळे. पण अफगाणिस्तानातल्या एका शहराचे नाव वीस-पंचवीस वर्षे युरोप-अमेरिकेच्या बर्फावर लोकांच्या टाचांना बांधलेले होते, हे खरे.

ही कंदाहार बाइंडिंग आमच्या कथेतले पहिले खलपात्र. टाच तिने खाली, घट्ट जखडली. वेगाने उतरणाऱ्याला ताबा आला. पण पडल्यावर काय? दोन मीटर लांबीची फळी बर्फात रुतते, शरीर पुढे जाते, बूट सुटत नाही. लांब दांड्याने नट पिळावा तशी फळी पाय पिळते. बूट चामड्याचे, घोट्याएवढे. मग घोटा तरी जाई किंवा नडगी तरी. नडगी पिळवटून मोडली म्हणजे तिचा तडा मळसूत्रासारखा गोल फिरत वर जातो.

त्यातच आणखी एक सोय झाली. पूर्वी एकदा उतरायचे तर आधी तासन्‌तास चढावे लागे. त्यामुळे दिवसातून पडण्याच्या संधीही मोजक्याच. १९३६ साली अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीला एका रेल्वे कंपनीने खुर्च्यांचा पाळणा बसवला. तो योजणारा इंजिनियर जेम्स करन. त्याने पूर्वी जहाजावर केळ्यांचे घड चढवण्याची यंत्रे पाहिली होती. घडाच्या आकड्याच्या जागी त्याने खुर्ची टांगली. केळ्यांप्रमाणे माणसे डोंगरावर चढू लागली आणि दिवसातून वीस वेळा उतरू लागली. हाडे मोडण्याला मग काय तोटा!

उपाय सापडला तो एका मोडलेल्या पायातूनच. यालमार व्हाम हा नॉर्वेतून अमेरिकेत ओरेगॉन राज्यात गेलेला नामांकित स्कीपटू. १९३७ साली उडी मारताना त्याचा पाय मोडला. रुग्णालयात ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली. भूल उतरता उतरताच त्याने कागद-पेन्सिल मागून घेतली आणि एक आकृती काढली, असे तो स्वतः सांगत असे. बुटाचा पुढचा भाग सरळ असेपर्यंत धरून ठेवायचा, आणि तो ठरावीक जोरापेक्षा जास्त पिळला गेला की आपोआप सोडून द्यायचा. १९३९ साली त्याला पेटंट मिळाले. वेदनेच्या गुंगीत माणसे देवाचा धावा करतात. याने कुलूप शोधले, आणि तेही योग्य वेळी उघडणारे.

पुढची वीस-तीस वर्षे या कुलपांच्या सुधारणेची. फ्रान्समध्ये झाँ बेल याने १९५० साली, तर जर्मनीत हानेस मार्कर याने १९५२ च्या सुमारास आपापल्या बाइंडिंग काढल्या. पुढची बाजू आडवी सुटायची, टाचेची बाजू वर सुटायची. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉब लँगने चामडे टाकून प्लास्टिकचे बूट केले. ते कडक, आणि पुढे उंचीने पोटरीपर्यंत आले. घोटा त्यात असा बसला की जणू आधीच प्लास्टरमध्ये घातला आहे! घोट्याचे दुखणे जवळजवळ संपले. नडग्यांचे मोडणेही झपाट्याने उतरले. जिथे हिवाळ्यात लंगड्यांची रांग लागायची तिथे आता डॉक्टरांना थोडी उसंत मिळाली असती.

पण तसे झाले नाही.

आता माझ्या पायाची हकिगत मध्येच सांगून टाकतो, कारण हा सारा शोध मी तिच्या पायी घेतला. एका कादंबरीसाठी मला काश्मीरच्या बर्फात वावरणारा सुभेदार हवा होता, आणि बर्फ न पाहता बर्फ लिहिणे मला पटेना. म्हणून फेब्रुवारीत गुलमर्गला गेलो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे कुरण. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली इथे स्की क्लब काढला. त्यांचा तो करमणुकीचा मामला होता. पण १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाने आपल्या लष्कराला बर्फावर लढायला शिकण्याची निकड पटवली, आणि १९४८ च्या डिसेंबरात जनरल थिमय्यांनी इथे सैनिकांसाठी स्कीची शाळा सुरू केली. उंच पर्वतावरील युद्धाचे आजचे मोठे विद्यालय तिच्यातूनच वाढले. माझ्या सुभेदाराला मी तिथेच शिकवणार होतो.

नवशिक्यांचा उतार म्हणजे आपल्याकडच्या शाळेच्या मैदानाला असतो तेवढा. शिकवणारे उस्ताद साठीचे, काश्मिरी, मितभाषी. मला ते 'मास्टरजी' म्हणत आणि मी त्यांना 'उस्तादजी', त्यामुळे गुरू कोण आणि चेला कोण याचा बाहेरच्याला पत्ता लागत नसे. फळ्यांची टोके जवळ आणून पाचर करायची, गुडघे वाकवायचे आणि सावकाश थांबायचे. दोन दिवस हे छान चालले. तिसऱ्या दिवशी मी पडलो. पडलो म्हणजे काय, बसलो. वेग इतका कमी की शेजारून चालणारा माणूस पुढे जावा. मागे बसलो, एक फळी हळूच आत वळली, आणि गुडघ्यात ओला फोक मोडावा तसा 'टच्' आवाज झाला. फळी सुटली नाही. हाड मोडले नाही. कळसुद्धा पहिल्या क्षणी नव्हती. उस्तादजी जवळ आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मास्टरजी, आवाज़ आई थी?" मी हो म्हटले. त्यांनी काही न बोलता माझ्या फळ्या काढल्या आणि घसरगाडीवाल्याला हाक मारली. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचे कलिंगड झाले होते.

घरी परतल्यावर अस्थितज्ज्ञांनी गुडघा पुढे-मागे हलवून पाहिला, चित्रे काढवली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे बूट फार चांगले होते, म्हणून गुडघा गेला." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे सहा-सात महिने मला दुसरा उद्योगही नव्हता.

गुडघ्याच्या आत, मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये, दोन बंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. पुढच्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. आपण त्याला पुढचा फुलीबंध म्हणू. लांबी तीनेक सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगीने मांडीच्या पुढे घसरू नये आणि आतल्या आत फिरू नये म्हणून हा तिला धरून ठेवतो. आता बूट पोटरीपर्यंत कडक, घोटा हलत नाही, नडगी बुटात सुरक्षित. मग फळीने दिलेला पीळ जाणार कुठे? बूट संपल्यावर पहिला मोकळा सांधा जो भेटेल तिथे. तो गुडघा.

तरीही कुलूप का उघडले नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर अमेरिकेत व्हर्माँट राज्यात मिळाले. १९७२ च्या हिवाळ्यापासून रॉबर्ट जॉन्सन हे अस्थिशल्यविशारद आणि कार्ल एटलिंगर व जॅस्पर शिली हे दोघे तज्ज्ञ, असे तिघे मिळून शुगरबुश येथील डोंगराच्या पायथ्याशी जखमींची नोंद ठेवू लागले. वर्षानुवर्षे, एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने. कोण पडला, कसा पडला, फळ्या कसल्या, बूट कसले, बाइंडिंग सुटली की नाही. वाण्याच्या खतावणीसारखे हे काम. यात नाट्य काही नाही. पण त्या वहीनेच दाखवले की नडगीचे आणि घोट्याचे अपघात कमालीचे उतरले आहेत, आणि त्याच काळात गुडघ्याचे बंध तुटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले आहे.

पडण्याची चित्रे पाहून पाहून त्यांनी कारण हुडकले. आपले पाऊल बहुतेक सारे घोट्याच्या पुढे असते; मागे टाच तेवढी. फळी मात्र मागेही हातभर लांब असते. माणूस मागे बसता बसता घसरला, बूड गुडघ्यांच्या खाली गेले, आणि सारा भार उताराकडच्या फळीच्या शेपटाच्या आतल्या कडेवर आला, की ते शेपूट बर्फ कापत आत वळते. जणू घोट्याला मागच्या बाजूने दुसरे एक पाऊल फुटले आहे आणि ते गुडघा पिळते आहे. पिळणारा जोर नडगीच्या जवळजवळ खालीच असल्यामुळे पुढचे कुलूप आडवे ढकलले जात नाही, आणि टाचेचे कुलूप वर ओढले जात नाही. दोघेही पहारेकरी आपापल्या दारांशी जागे असतात. चोर तिसऱ्याच वाटेने येतो. या मागच्या पावलाला त्यांनी जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ 'भुताचे पाऊल'. भुताची पावले उलटी असतात हे आमच्या आजीने आम्हांला फार पूर्वी सांगितले होते. व्हर्माँटच्या पंडितांना ते वेगळ्या वाटेने कळले, एवढेच.

आणि यात वेग लागत नाही. शिकणारा माणूस सावकाश, मागे रेलून, भीतभीत बसतो, तेवढ्यात काम होते. माझ्या शेजारून चालणारा माणूस पुढे गेला असता, हे मी वर सांगितलेच आहे.

तुटलेल्या बंधाची दुरुस्ती हा स्वतंत्रच अध्याय आहे, आणि त्याचा आरंभ बर्फात नाही, कोळशाच्या खाणीत आहे. १८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरी मेयो रॉबसन या शल्यविशारदाने ४१ वर्षांच्या एका खाणकामगाराचे दोन्ही फुलीबंध तातीच्या दोऱ्याने शिवले, आणि तो मनुष्य पुन्हा कामावर गेला. नुसते शिवण्यापेक्षा नवा बंध घालावा, ही कल्पना ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ साली अमलात आणली. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा चिवट पडदा पट्टीसारखा काढून त्यांनी हाडांना पाडलेल्या भोकांतून ओवला. माझ्या गुडघ्यात मांडीच्या मागची दोरी ओवली आहे, तत्त्व तेच. फरक इतकाच की त्यांना गुडघा उघडावा लागे, आणि माझ्या गुडघ्यावर दोन-तीन बारीक छिद्रांचे वण आहेत.

ती छिद्रे आली जपानातून, आणि ही गोष्ट मांडी घालणाऱ्या सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. त्या काळी जपानात गुडघ्याचा क्षय फार. तो झाला की सांधा आखडतो. युरोपात आखडलेल्या गुडघ्याचा माणूस खुर्चीवर बसून दिवस काढू शकतो. पण जपानी माणूस जमिनीवर, गुडघे मुडपून बसणारा. त्याचे जेवण, पाहुणचार, प्रार्थना सारे त्यावर. दुखणे फार वाढण्यापूर्वी आत डोकावता आले तर, या विचाराने टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासण्याची नळी एका मृत देहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती विद्या पूर्णत्वाला नेली, आणि १९६२ साली तसल्या नळीच्या साहाय्याने गुडघ्यातली फाटलेली गादी कापून काढली. आज जगभर खेळाडूंचे गुडघे ज्या दुर्बिणीने दुरुस्त होतात, तिचा उगम जमिनीवर बसण्याच्या एका गरजेत आहे. आमच्या घरी ही हकिगत मी सर्वांना निदान दोनदा तरी ऐकवली आहे.

पण दुरुस्ती ती दुरुस्तीच. गुडघ्याची चोरी टाळता येईल का, हे व्हर्माँटच्या त्या तिघांना पाहायचे होते. त्यांनी नवे यंत्र केले नाही. त्यांनी शाळा घेतली! १९९३-९४ च्या हिवाळ्यात वीस ठिकाणच्या स्की-शिक्षकांना आणि पहारा-मदत करणाऱ्या मंडळींना त्यांनी एकत्र बसवून गुडघा गेलेल्या माणसांची पडतानाची चित्रे दाखवली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. बघा, इथे बूड खाली गेले. इथे वरचा हात मागे पडला. इथे वरची फळी हलकी झाली. आता काय होणार? वर्गात कविता शिकवताना मी जे करतो, तेच. मग दोन-चार साध्या गोष्टी सांगितल्या. पडत असाल तर पडा, फार झगडू नका. घसरणे पुरते थांबल्याखेरीज उठायला जाऊ नका. पडल्यावर पाय ताठ करू नका, गुडघे वाकलेले असू द्या. हात मागे टेकून सावरू नका, हात पुढे. बस.

ज्यांना हे शिकवले त्या मंडळींत त्या मोसमात गुडघ्याचे गंभीर अपघात, आधीच्या दोन मोसमांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. ज्यांना शिकवले नव्हते त्यांच्यात घट झाली नाही. फळ्या त्याच होत्या, बूट तेच होते, बाइंडिंगही त्याच.

आमच्या उस्तादजींना मी हा सारा मजकूर हिंदीत लिहून पाठवला, चित्रांसह. त्यांचे उत्तर नातवाच्या हस्ताक्षरात आले. हात पुढे ठेवण्याचे ते पूर्वीपासून सांगतच होते, थांबेपर्यंत उठू नका हे नव्हते. आता पहिल्याच दिवशी, फळ्या बांधण्यापूर्वी, सर्वांना बर्फावर बसवून सांगतात. खाली एक ओळ वेगळी होती: सुभेदाराचे काय झाले? सुभेदार ठीक आहे. त्याला मी अजून उतारावर सोडलेला नाही.